गारगोटीचे पीठ

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचे स्वयंपाकघर नव्याने बांधले जात होते. जुना कडाप्प्याचा ओटा फोडून त्या जागी पांढऱ्याशुभ्र क्वार्ट्झचा ओटा बसवायचा होता. लादी लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा चार जणांनी ती जिन्याच्या वळणापर्यंत खांद्यावरून चढवली आणि सिंकसाठीचा चौकोन तेथेच कापायचे ठरले. कापणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. तोंडाला रुमाल, पायात रबरी चप्पल आणि हातात ग्राइंडर. पाच मिनिटांत जिना दिसेनासा झाला. समोरच्या आजींनी दार लावून घेतले आणि दाराखालच्या फटीत ओला पंचा कोंबला. थोड्या वेळाने आवाज थांबला तेव्हा त्या धुक्यातून तो मुलगा बाहेर आला. त्याच्या भुवया, पापण्या आणि कानाच्या पाळ्याही चक्कीवर बसणाऱ्या माणसासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. पाणी मारून का कापत नाहीस, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "काका, पाणी मारलं की जिन्यात चिखल होतो. मग सोसायटीवाले ओरडतात." त्याचे म्हणणे खरे होते. ओरडणाऱ्यांमध्ये मीही असतो.

जी लादी तो मुलगा कापत होता, तिच्या वापरावर, पुरवठ्यावर आणि उत्पादनावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून देशभर बंदी घातली आणि १ जानेवारी २०२५ पासून तिची आयातही बंद केली. अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश होय. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बंदी ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. म्हणून ती का घालावी लागली, सावधगिरीचे नियम असताना ते का पुरले नाहीत आणि त्यातून आपण काय घेण्यासारखे आहे, याविषयी आज बोलायचे आहे.

क्वार्ट्झ हा शब्द दुकानातून आला असला तरी वस्तू आपल्या जुन्या ओळखीची आहे. मराठीत तिला गार किंवा गारगोटी म्हणतात. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. दुकानात मिळणारी क्वार्ट्झची लादी मात्र खाणीतून तशी निघत नाही. गारगोटी कुटून आणि दळून तिचा रवा आणि पीठ केले जाते, त्यात राळेसारखे रसायन आणि रंग कालवला जातो, आणि ते मिश्रण दाबून व तापवून लादी बनवतात. हे तंत्र इटलीत वाढले. इस्रायलमधल्या एका किबुत्झने, म्हणजे सामूहिक मालकीच्या वसाहतीने, १९८७ मध्ये अशा लाद्यांचे उत्पादन सुरू केले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या लाद्या जगभरच्या स्वयंपाकघरांत पोहोचल्या. त्यांवर हळदीचा डाग धरत नाही, हव्या त्या रंगात मिळतात आणि संगमरवरासारख्या शिराही कारखान्यातच काढून देतात. गोम आहे ती घटकांच्या प्रमाणात. गारगोटी ज्या द्रव्याची बनलेली असते ती स्फटिकी सिलिका संगमरवरात बहुधा पाच टक्क्यांहून कमी असते आणि ग्रॅनाइटमध्ये ती साधारण वीस ते पंचेचाळीस टक्के असते. या कृत्रिम लादीत मात्र हे प्रमाण नव्वद-पंचाण्णव टक्क्यांपर्यंत जाते.

घरात बसवलेला अखंड ओटा कोणाचेही वाकडे करत नाही. त्यावर पोळ्या लाटा, भाजी चिरा, काही होत नाही. धोका आहे तो लादी कापताना, घासताना, तिच्या कडेला गोलाई देताना आणि नळासाठी भोक पाडताना. डोळ्यांना दिसणारी पांढरी धूळ नाकात आणि घशात अडकते, खोकल्याबरोबर बाहेर पडते. ती त्रासदायक असली तरी खरी मारक धूळ दिसतच नाही. चार मायक्रॉनच्या आसपासचे किंवा त्याहून बारीक कण, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याएवढे, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत उतरतात. तेथे शरीराच्या रखवालदार पेशी त्यांना गिळतात, पण गारगोटी पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. या न संपणाऱ्या झटापटीत तेथे व्रणासारख्या कठीण गाठी तयार होतात आणि फुगणारे-आकसणारे मऊ फुप्फुस निबर होत जाते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यानंतरही तो वाढत राहू शकतो, आणि अखेरच्या टप्प्यावर फुप्फुसाचे प्रत्यारोपण एवढाच मार्ग उरतो, तोही थोड्यांच्याच नशिबी. शिवाय सिलिकाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केले आहे.

दगडफोड्यांना आणि खाणकामगारांना हा रोग फार पूर्वीपासून होत आला आहे, पण तो बहुधा दहा-वीस वर्षे धूळ खाल्ल्यानंतर, उतारवयाकडे झुकताना. कृत्रिम लादीने हा काळ आखडला. इस्रायलमधल्या फुप्फुस-प्रत्यारोपण केंद्रातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये पंचवीस रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ते सगळे ओट्याच्या लाद्या कापणारे कामगार होते. त्यानंतर स्पेन, मग ऑस्ट्रेलिया, मग अमेरिकेतले कॅलिफोर्निया असे एकेक ठिकाण पुढे येऊ लागले. कॅलिफोर्नियातल्या बावन्न रुग्णांचा जो अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, त्यांतले जवळजवळ सगळे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेले होते, आणि निम्मे लोक पंचेचाळिशीच्या आतले होते.

ऑस्ट्रेलियाने पहिल्याच दिवशी बंदी घातली नाही. आधी त्यांनी तेच करून पाहिले जे कोणतेही शहाणे सरकार करील. क्वीन्सलँड राज्याने २०१८ मध्ये कोरड्या कापणीविरुद्ध तातडीचा इशारा दिला आणि या कामगारांच्या छातीची तपासणी सुरू केली. हवेतल्या सिलिका-धुळीची कमाल मर्यादा २०२० मध्ये दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमवरून निम्म्यावर, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅमवर आणली गेली. ही मर्यादा किती कडक आहे, ते आपल्या परिचयाच्या मापाने सांगतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीच्या सगळ्या हवेत मिळून या धुळीचे वजन तांदळाच्या एका दाण्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असले पाहिजे. आमच्या जिन्यात त्या दिवशी काय असेल, याची कल्पना करा.

तपासण्या सुरू झाल्यावर जे दिसले त्याने तिकडचे लोक हादरले. राष्ट्रीय धूळरोग कृतिदलाने २०२१ च्या अंतिम अहवालात सांगितले की, २०१८ पूर्वीपासून या धंद्यात असलेल्या कामगारांपैकी जवळजवळ दर चौघांतल्या एकाला सिलिकोसिस किंवा सिलिका-धुळीमुळे होणारा दुसरा आजार आहे. हे आकडे एका श्रीमंत देशातले आहेत. तेथे निरीक्षक आहेत, बलवान कामगार संघटना आहेत आणि दंड खरोखर वसूल होतो.

मग नियम का पुरले नाहीत? कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेचे एक जुने शास्त्र आहे, ते मला मातीच्या भांड्यांच्या उतरंडीसारखे वाटते. सर्वांत खाली, सगळ्यांचा भार घेणारा मोठा रांजण म्हणजे धोकादायक वस्तूच काढून टाकणे. त्यावरचा डेरा म्हणजे तिच्याऐवजी कमी धोक्याची दुसरी वस्तू वापरणे. त्यावर यंत्राला पाणी जोडणे, धूळ ओढून घेणारे पंखे बसवणे. त्यावर कामाच्या पाळ्या, प्रशिक्षण, सूचना. आणि सर्वांत वर, टोकाला ठेवलेले इवलेसे बोळके म्हणजे मास्क. प्रत्यक्षात आपण ही उतरंड उलटी रचतो. कामगाराला मास्क देतो, भिंतीवर फलक लावतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. उकाड्यात तो दहा मिनिटांनी हनुवटीवर येतो. गाळण बदलायची असते, ती बदलली जात नाही. जी उपाययोजना दर श्वासाला, दर कामगाराने, वर्षानुवर्षे न चुकता पाळल्यासच यशस्वी होते, तिच्यावर माणसाचा जीव टांगणे हा माझ्या मते नियोजनाचा दोष आहे. त्याचे खापर कामगाराच्या बेफिकिरीवर फोडणे अन्यायाचे आहे.

उत्पादकांनी तिकडे एक मधला मार्ग सुचवला होता. सिलिकाचे प्रमाण चाळीस टक्क्यांखाली आणू, मग तेवढ्या लाद्यांना परवानगी द्या. वरवर पाहता हे वाजवी वाटते. पण या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या सेफ वर्क ऑस्ट्रेलिया या राष्ट्रीय संस्थेने ते मान्य केले नाही. कृत्रिम लादीत सिलिका इतकी असली म्हणजे ती सुरक्षित, अशी कोणतीही रेषा आखायला पुरावा नाही, असे तिने स्पष्ट म्हटले. आणखी एक मुद्दा होता, जो मला फार व्यवहारी वाटतो. "ही कमी धोक्याची लादी आहे" असे एकदा छापले की छोटे कारखानदार पाणी आणि पंखेही बंद करतील. १३ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र, राज्ये आणि प्रदेश या सर्वांच्या मंत्र्यांनी एकमताने बंदी मान्य केली. तेथील बांधकाम कामगारांच्या संघटनेने त्यासाठी मोठी मोहीम चालवली होती, हेही नमूद केले पाहिजे.

निर्णय सोपा होण्याचे एक कारण असेही आहे की, या लादीवाचून कोणाचे काहीच अडत नाही. ती औषध नाही, अन्न नाही, पुलाचा खांबही नाही. ग्रॅनाइट आहे, संगमरवर आहे, पोलाद आहे, लाकूड आहे, आणि आपल्याकडे कडाप्पा आहेच. एका बाजूला पांढरा रंग आणि दुसऱ्या बाजूला पस्तिशीतल्या माणसाचे फुप्फुस, असा तराजू धरला की काटा कोठे झुकतो हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मात्र या बंदीला मर्यादा आहेत आणि त्या झाकून ठेवू नयेत. विटा, काँक्रीट, चिनी मातीच्या फरश्या यांना ती लागू नाही, कारण सिलिका पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे आहे आणि सिलिकावर बंदी म्हणजे वाळूवर बंदी. सिडनी शहर तर वाळूच्या दगडावरच वसलेले आहे. तेथे बोगदा खणणाऱ्याला ओट्यावरच्या बंदीचा काय उपयोग? म्हणूनच १ सप्टेंबर २०२४ पासून तेथे सर्व उद्योगांतल्या सिलिका-धुळीसाठी वेगळे, कडक नियम लागू झाले. शिवाय आधी बसवलेले असंख्य ओटे घरोघर आहेत, ते कधी ना कधी काढावे लागणारच. त्या कामाला परवानगी ठेवली आहे, पण शासनाला आधी कळवून आणि धूळ आवरण्याची साधने वापरून.

एखाद्या विशिष्ट वापरावर नेमके बोट ठेवून बंदी घालण्याची कल्पना नवी नाही. ओतीव लोखंडाच्या वस्तू साफ करण्यासाठी त्यांवर वाळूचा झोत मारत असत. ब्रिटनने त्या कामात वाळू वापरण्यास १९४९ च्या नियमांनी मनाई केली आणि तिच्या जागी पोलादी छर्रे आले. आपल्या कोल्हापूरच्या ओतशाळांत ज्याला शॉट ब्लास्टिंग म्हणतात, ते हेच. तुर्कस्तानात जीन्सच्या कापडाला विटका, वापरल्यासारखा रंग यावा म्हणून वाळूचा झोत मारत. कोंदट खोल्यांत हे काम करणारी विशी-पंचविशीतली मुले सिलिकोसिसने मरू लागली, तेव्हा २००९ मध्ये तेथे त्यावर बंदी आली. पण ती विटकी पॅन्ट जगाला हवीच होती, म्हणून ते काम दुसऱ्या देशांत गेले. एका देशाने घातलेली बंदी ही बरेचदा दुसऱ्या देशाच्या गळ्यात पडते, याचा हा धडा आहे. आणि आता आपण त्या दुसऱ्या देशाविषयी बोलू, कारण तो आपला आहे.

भारत क्वार्ट्झच्या लाद्या बनवतो आणि परदेशी, विशेषतः अमेरिकेला, मोठ्या प्रमाणावर पाठवतो. म्हणजे लादी कापणाराच्या फार आधी गारगोटी दळणारा येतो, आणि तो आपल्याकडचा आहे. नंदुरबार जिल्ह्यातून नर्मदा ओलांडली की मध्य प्रदेशातला अलिराजपूर जिल्हा लागतो. तेथून आणि शेजारच्या झाबुआ व धार जिल्ह्यांतून आदिवासी कुटुंबे गुजरातेत गोध्र्याच्या बाजूला गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मजुरीला जात. काही महिन्यांचेच काम, पण सगळा दिवस त्या पिठात. परत आल्यावर नवरा, मग बायको, मग थोरला मुलगा असे घरेच्या घरे खंगत गेली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. न्याय मिळाला असे म्हणायचे, पण तो हातात घ्यायला ती माणसे नव्हती.

कायद्याच्या पुस्तकात आपणही मागे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा शासनाला कळवलाच पाहिजे अशा आजारांच्या यादीत घातला होता, आणि कामगारांच्या सुरक्षिततेविषयीच्या २०२० च्या नव्या संहितेतही तो त्या यादीत आहे. अडचण वेगळीच आहे. कायदा 'कारखाना' कशाला म्हणतो, हे कामगारांच्या संख्येवर ठरते आणि जिन्यात लादी कापणारी चौघांची टोळी त्या व्याख्येत कधीच बसत नाही. मालक म्हणजे ठेकेदार, ठेकेदार म्हणजे फोनमधला एक नंबर. दुसरी अडचण दवाखान्यात आहे. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे आणि क्ष-किरण चित्रातले डाग पाहून क्षयाचे औषध सुरू होते. सिलिकोसिस झालेल्याला क्षयाची बाधा सहज होते, त्यामुळे निदान कधी अर्धे बरोबरही असते. पण "तू काय काम करतोस?" हा एक प्रश्न केसपेपरवर लिहिला जात नाही, आणि मग मृत्यूच्या दाखल्यावर धूळ कोठेच उमटत नाही.

आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात मोकळी गारगोटी फारशी नसते. हे आपले नशीब. पण सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात सिलिका वाळू निघते आणि ओतशाळांत साचे त्याच जातीच्या वाळूचे होतात. त्यामुळे हा आजार परप्रांतातला आहे असे समजून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

बंदीविरुद्धचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप पोटाचा आहे. लादी बंद झाली तर तो एकोणीस वर्षांचा मुलगा काय खाईल? मी याला टाळण्याजोगा प्रश्न समजत नाही. पण ओटे बंद होणार नाहीत, लादी तेवढी बदलेल, आणि ग्रॅनाइट कापायलाही तोच हात, तेच यंत्र लागते. ज्यांचे काम खरोखर जाईल, अशा गारगोटी दळणाऱ्या मजुरांसाठी पर्यायी रोजगाराची तरतूद बंदीच्या त्याच कागदावर असली पाहिजे, पुढच्या कागदावर नव्हे. आपण एका बाबतीत हे उलटे केले आहे. अॅस्बेस्टॉस या फुप्फुसाला घातक असलेल्या तंतुमय खनिजाच्या खाणींना आपण कधीच लगाम घातला, पण परदेशातून ते आणून त्याचे सिमेंटचे पत्रे बनवणे चालूच ठेवले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि अॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपायला लावल्या. ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस त्या वस्तूवर संपूर्ण बंदी घातली. आपण अजूनही पत्रा कापणाऱ्याच्या नोंदींविषयीच बोलत आहोत. क्वार्ट्झच्या बाबतीत तरी आपण तीस वर्षे थांबू नये. या लादीची कोरडी कापणी तर आजच, एका अधिसूचनेने बंद करता येईल. लादीवरच्या पूर्ण बंदीचा विचार त्यापुढे झाला पाहिजे आणि तो करताना दळण्यापासून कापण्यापर्यंतची सगळी साखळी नजरेसमोर असली पाहिजे.

आमच्या इमारतीपुरते सांगतो. त्या दिवसानंतर सभेत बराच वाद झाला. शेवटी नोटीस लागली की लादी, फरशी, दगड काहीही कापायचे तर खाली मागच्या अंगणात, नळ जोडून, पाण्याखालीच कापायचे आणि चिखल झाल्यास तो सोसायटी काढील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होतो, तर सफाईच्या मावशी वळणावर साचलेली ती पांढरी धूळ कोरड्या केरसुणीने झाडत होत्या आणि उन्हाच्या तिरिपेत ती पुन्हा वर उठत होती. नोटिशीत झाडण्याविषयी एक अक्षरही नव्हते. ओल्या फडक्यानेच पुसावे, ही ओळ मी खाली पेनाने लिहिली आणि मावशींना ती वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मग बादली आणि फडकं कोण देणार?"